वय : बारा कोटी वर्षं

"पेशंटचं नाव?"

"अजून ठेवलेलं नाही."

"वय?"

"बारा कोटी वर्षं."

स्कॅनवाल्याचं पेन थांबलं. त्याने मान वर केली तेव्हा कुठे मी त्याला दिसले – पावसात नखशिखांत भिजलेली. आणि माझ्या रेनकोटात गुंडाळलेला, कोरडा ठणठणीत दगड.

"रेनकोट माणसांसाठी असतो," तो म्हणाला.

"मी वाळेन हो. याच्या पिसांचे ठसे गेले तर परत येणार नाहीत."

याच हॉस्पिटलात नर्स असलेली माझी आत्या दारातून म्हणाली, "जेवणाच्या सुट्टीत मशीन मोकळं असतं, म्हणून बोलावलं हिला. दगडांतच रमते बाई!"

"सोबत आलेल्याचं नातं?" त्याने पुढचा रकाना वाचला.

"दोन वर्षं सुईने कण-कण साफ करतेय याला. आई लिहा."

"लग्न...?"

"असा रकाना आहे?"

"नाही. मीच विचारतोय."

आत्याला एकदम वॉर्डातलं काम आठवलं.

मी मात्र हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते. मी काम करते त्या संग्रहालयाने हा दगड एका विक्रेत्याकडून घेतला होता. त्यात पक्षी होता – चोचीत दात, पंखांना नख्या आणि मागे सरड्यासारखी लांब हाडांची शेपटी. शुक्रवारी तिथले सर ही शेपटी पत्रकारांना दाखवणार होते आणि त्यानंतर माझी नोकरी कायम होणार होती. पण गेल्या आठवड्यात शेपटीच्या मुळाशी सुईला काहीतरी चिकट लागलं. डिंक...? मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

दगड मशीनमध्ये गेला. पडद्यावर त्याचे पातळ काप एकामागून एक सरकू लागले. स्कॅनवाल्याने एक काप मागे नेला, पुन्हा पुढे आणला.

"बोला ना."

"तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी सांगितलं असतं... पण ते मला जमत नाही." त्याने एका काळ्या रेघेवर बोट ठेवलं. "हा डिंक. पलीकडची शेपटी दुसऱ्याच दगडातली आहे. चिकटवलीय."

मी रडले नाही. नाक मात्र दोनदा ओढलं. त्याने हिरवी चादर पुढे केली.

"ही पेशंटची आहे ना?"

"पेशंट कोरडा आहे."

मी चादर खांद्यावर घेतली आणि उठले.

"थांबा – अपघाताचा पेशंट आला की आम्ही नुसतं दुखतं तिथेच बघत नाही." तो खालचे काप सरकवू लागला. खोट्या शेपटीच्या खाली, दगडाच्या जाडीत, जिथे माझी सुई पोचलीच नव्हती तिथे, काहीतरी उजळ दिसलं. करंगळीच्या पेराएवढं. "हे हाड मोडलंय का?"

मी त्याचा दंड धरला. "मोडलं नाही... शेवटचे मणके एकमेकांत जुळलेत! ही याची खरी शेपटी. आखूड!"

खिडकीबाहेर एक भिजलेलं कबुतर शेपटीचा पंखा झटकत होतं. "त्याच्यातही हेच हाड आहे," मी म्हणाले. "या हाडावरच तो पंखा उभा राहतो."

तो कबुतराकडे बघत नव्हता. मी दंड सोडला – जरा उशिराच.

शुक्रवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. आधी डिंक, मग शेपटी. आठवडाभर लपवल्याबद्दल सर बोलायचं ते बोलले. कार्यक्रम रद्द झाला, नोकरीचा निर्णय पुढे गेला. शेवटी स्कॅनचे फोटो पुन्हा जवळ ओढून ते म्हणाले, "दगड उलटा कर. आता मागच्या बाजूने साफ करायला घे."

चादर परत करायला गेले तर फॉर्म त्याच्या टेबलावर तसाच.

"नात्याचा रकाना रिकामाच आहे," तो म्हणाला. "आई लिहायला माझा हात धजेना."

"का?"

"मग मी कोण लागणार... पेशंटचा?"

त्याचे कान लाल झाले होते. मी त्याच्या हातातून पेन घेतलं. 'सोबत आलेले' या शब्दांपुढे एकाच नावाची जागा होती. मी तिथे दाटीवाटीने दोन नावं लिहिली. माझं, आणि त्याच्या खिशावरच्या बिल्ल्यावर बघून, त्याचं.

आत्या मागून डोकावली. "अगं, ती जागा पेशंटच्या घरच्यांची आहे!"

"माहितीये," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.