एका खुर्चीचे स्पीकर

त्याच्या मांडीवर पंधरा इंची स्पीकर होता आणि माझ्या मांडीवर चपलांचा खोका. जव्हारहून मोखाड्याला निघालेल्या जीपच्या मधल्या सीटवर आम्ही पाच जण होतो, त्यामुळे त्या स्पीकरची लोखंडी कड दर वळणाला माझ्या कोपराला लागत होती. या रस्त्याला किती वळणं आहेत हे मला त्या दिवशी नीट कळलं.

"लागतंय का, मॅडम?"

"लागतंय."

"खाली ठेवला असता... पण खाली कोंबड्या हायत."

खरंच होत्या. तिघी, पाय बांधलेल्या, आणि त्यांना कुणाच्या भांडणात रस नव्हता.

"उंदरांनी आतला कागद खाल्ला याचा," तो आपणहून सांगू लागला. "बदलून आणला. दहीहंडीच्या आत वाजायला पायजे. तुमच्या खोक्यात काय, चपला?"

मी झाकण उघडलं. आत कापसात गुंडाळलेले चार छोटे स्पीकर होते. एक जोडी तीन इंची, एक जोडी चार इंची.

"हे?" तो म्हणाला. "येवढ्याशा वाटीतून काय आवाज येणार?"

पण त्याने एक उचलला, दोन्ही अंगठ्यांनी त्याचा कागद दोन्ही बाजूंनी सारखा, अगदी हलकेच दाबला आणि कान लावला. आत काही घासतंय का ते ऐकत होता. मणभर वजनाची खोकी उचलणाऱ्या हातांचं ते दाबणं मला आवडलं. मी हे फक्त नोंदवते आहे.

मग मी त्याला समजावलं. नेहमीच्या स्पीकरला दोन-तीन तोंडं असतात, जाड आवाजाला वेगळं, बारीक आवाजाला वेगळं. फुल रेंज म्हणजे एकच तोंड, सगळं त्यातूनच. टेबलावर हातभर अंतरावर ठेवून ऐकायचं तर हेच बरं, आवाज एका जागेहून येतो.

"तीन इंची घ्यायचे की चार इंची, ते ठरत नाही म्हणून दोन्ही मागवले. बॉक्स करून घ्यायला दामोदर सुतारांकडे चाललेय."

"दामोदरकाका देवघर करून देतील."

"मी मापं लिहून नेतेय."

"मापं कायपण द्या. वर कळस येणारच."

मी हसले. मोखाडा आलं तोवर सुतारकाकांकडून बॉक्स तोच करून आणणार असं ठरलं होतं, चपलांचा खोका त्याच्या स्पीकरवर होता आणि मापांचा कागद त्याच्या खिशात. नाव रूपेश. घर खोडाळ्याजवळच्या पाड्यावर, घरची भात-नागलीची शेती, आणि खोडाळ्यात स्वतःचं मांडव-साऊंडचं दुकान.

माझं नाव नेत्रा. शाळेच्या धड्यांची रेकॉर्डिंग साफ करणं हे माझं काम. वाचणाऱ्या बाईंचा श्वास, जिभेचं टक्, मागे फिरणारा पंखा, हे सगळं शोधून काढायचं. पुण्यात तीन वर्षं रोज आठ तास हेडफोन लावून मी हे केलं आणि उजव्या कानात शिटी वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, हेडफोन बंद. मी जव्हारला आईकडे आले. कंपनी म्हणाली, मग ऑफिसात येऊन स्टुडिओत ऐका, किंवा घरी तसे स्पीकर लावा आणि तीन धडे नमुन्याला पाठवा. पास झाले तर राहा जव्हारला, नाहीतर पुणे. मला जव्हार सोडायचं नव्हतं. नमुन्यासाठी सप्टेंबरचा पहिला सोमवार ठरला होता, म्हणजे हातात तीन आठवडे.

पुढच्या रविवारी रूपेश स्पीकरची चार लाकडी खोकी घेऊन आला. मापं चोख होती, एका सुताचाही फरक नव्हता. फक्त प्रत्येक खोक्याला चार लोखंडी कोपरे आणि वर उचलायची कडी लावलेली होती.

"टेबलावरच्या स्पीकरला कडी कशाला?"

"टेम्पोत चढवायला..." तो म्हणाला, आणि टेबलाकडे बघून कडी आडवी पाडली.

जोडणी झाली. धडा सुरू केला, तसा तो खोलीतून बाहेर गेला, अंगणातून फाटकापाशी, फाटकातून रस्त्यापलीकडे. तिथून हात वर करून ओरडला, "इथपर्यंत येतोय! शब्द नाय कळत, पण येतोय!"

मी खिडकीतून म्हटलं, "मला टेबलापर्यंतच हवाय."

आई स्वयंपाकघरात हसली. तिचं हसणं टेबलापर्यंत स्वच्छ आलं.

माझ्या कामाच्या खोलीवर पत्रा आहे. ऑगस्टात जव्हारच्या पत्र्याखाली काही ऐकायचं म्हणजे पावसाच्या मर्जीवर. सर थांबली की आम्ही चूप बसून ऐकायचो, सर आली की बोलायचो. त्यामुळे आमच्या गप्पा किती झाल्या हे पावसावर ढकलता येतं. तो दर दोन दिवसांनी यायचा. कधी आवाज घुमू नये म्हणून खोक्याच्या आत लोकर भरायला, कधी ती काढायला.

ऐकायला आमच्याकडे एक ठरलेलं वाक्य होतं. स आणि श नीट तपासता यावेत म्हणून मीच म्हणून ठेवलेलं... 'सशाने शेजारच्या सशाला शेवग्याची शेंग दिली.' दोनशे वेळा तरी ऐकलं असेल.

"घेतली का त्याने?" एकदा पावसात रूपेशने विचारलं.

"कोणी?"

"शेजारच्या सशाने. शेंग."

"वाक्यात तेवढं नाहीये."

"दोनशे वेळा दिली. आता घ्यायला पायजे."

मी वहीत लिहिलं, 'चार इंची, आवाज भरीव. तीन इंची, मोकळा.' रूपेश मला आवडतो हे लिहिलं नाही. तो मुद्दा तपासाचा नव्हता. पण सर लांबली की बरं वाटायला लागलं होतं, आणि हे कामाच्या माणसाला शोभत नाही.

एक अडचण चार इंचीची होती. कागद जितका मोठा, तितका बारीक आवाज नाकासमोर सरळ जातो. बरोबर मधोमध बसलं तर उत्तम, पण मान थोडी बाजूला गेली की स आणि श बोथट होतात. तीन इंचीचा आवाज जरा पसरतो. रूपेश माझ्या शेजारी स्टुलावर बसायचा. त्याला चार इंचीतला ससा नीट ऐकू येत नसे आणि तो हे मान पुढे करून करून सांगायचा.

"सरका की जरा."

"सरकले तर मला नीट ऐकू येणार नाही."

"मंग कसं करायचं?"

मी सरकले नाही. पण त्याच्या शर्टाला ओल्या लाकडाच्या भुशाचा वास होता, आणि तो मला नीट आला.

सोमवार चार दिवसांवर आला तेव्हा मी निकाल लावायचं ठरवलं. मी डोळे मिटून बसणार, रूपेश वायरी बदलणार, कुठली जोडी लागली ते सांगणार नाही, मी फक्त बरी कुठली ते सांगणार. तीन इंचीला ॲम्पवरचं आवाजाचं बटण थोडं जास्त फिरवावं लागतं, म्हणून दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा यावा अशा दोन खुणा मी पेन्सिलीने करून ठेवल्या होत्या. दहा वेळा ऐकलं, मग रूपेशने टिपून ठेवलेलं पाहिलं. नऊ वेळा तीन इंची जिंकला.

नऊ? मला संशय आला. अकराव्या वेळी मी डोळे आधीच उघडले. रूपेशचा हात बटणावर होता आणि बटण तीन इंचीच्या खुणेच्या पुढे होतं. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढं.

थोडा वाढलेला आवाज कानाला नेहमी जास्त चांगला वाटतो. साऊंडच्या धंद्यातल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

"रूपेश, खूण इथे आहे."

त्याने बटण मागे, खुणेवर आणलं.

"किती वेळा?"

"दर वेळी," तो म्हणाला.

"माझं काम राहणार की जाणार, ते या स्पीकरवर आहे. माहीत होतं ना?"

"माहीत होतं."

"मग का?"

पाऊस यायला हवा होता. आला नाही. 

"चार इंची एका खुर्चीचा स्पीकर हाय," तो म्हणाला. "एकच माणूस, मधोमध. तीन इंचीला बाजूला दुसरी खुर्ची चालते. मला वाटलं... तुम्ही तीन इंची घेतला, तर मी येईन ऐकायला कधीमधी. काम संपल्यावरपण."

मला राग आला आणि आनंद झाला. दोन्ही एकदम आले, सारख्याच जोराने, आणि कुठला निवडावा ते कळेना. मी राग निवडला, तो ओळखीचा होता.

"जा तुम्ही," मी म्हटलं.

तो गेला. चारही खोकी ठेवून, फाटक हळूच लावून.

त्या संध्याकाळी मी एकटीने दोन्ही जोड्या पुन्हा ऐकल्या, बटण बरोबर खुणेवर ठेवून. तिसऱ्या धड्यात बाईंच्या आवाजाखाली पंख्याची घरघर होती. तीन इंचीतून ती कळतच नव्हती. चार इंचीतून स्वच्छ कळत होती. तीन इंचीवर काम केलं असतं तर ती तशीच पुण्याला गेली असती, आणि मागोमाग मी. मी मधोमध बसले, मान हलवली नाही, तिन्ही धडे साफ केले आणि सोमवारी पाठवले. गुरुवारी उत्तर आलं. पास. जव्हारलाच राहा.

हे सगळ्यांत आधी ज्याला सांगावंसं वाटलं तो आठ दिवसांत फिरकला नव्हता.

"हल्ली ऐकायला कोणी येत नाही वाटतं," आई पोहे निवडता निवडता म्हणाली.

"काम संपलं."

"तुझं संपलं. त्याचं संपलं का विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी मी तीन इंचीची दोन्ही खोकी आणि ॲम्प घेऊन खोडाळ्याच्या जीपमध्ये बसले. उचलायला कड्या होत्या ते बरं झालं. त्यांचे लोखंडी कोपरे शेजारच्या बाईंना लागत होते.

"लागतंय का, मावशी?"

"लागतंय. पण धर नीट, पडंल."

रूपेश दुकानात आणखी एक पंधरा इंची स्पीकर बसवत होता. मला बघून त्याच्या हातातला पाना थांबला. भिंतीला मांडवाच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक रचलेल्या होत्या, दोनशे तरी असतील. मी त्याच्याशी न बोलता त्याच्या टेबलावर खोकी मांडली, वायरी जोडल्या, आणि दोन खुर्च्या ओढून घेतल्या. त्या सहज सुटत नाहीत. त्याने येऊन सोडवून दिल्या.

"काम...?" त्याने विचारलं.

"राहिलं. चार इंचीवर केलं."

"बरं झालं." तो मनापासून म्हणाला, ते ऐकू आलं. "चार इंचीच चांगला हाय."

"कामाला."

मी एका खुर्चीत बसले, मधोमध नाही, जरा डावीकडे. उजवीकडची रिकामी ठेवली. तो हात पॅन्टला पुसून तिच्यात बसला. मी मोबाईलवर आमचं वाक्य लावलं. सशाने शेजारच्या सशाला शेवग्याची शेंग दिली. दोन्ही खुर्च्यांत स आणि श जसेच्या तसे आले.

"घेतली," मी म्हटलं.

तो हसला, खाली बघून. बाहेर बाजाराचा गलका होता, जीपवाला मोखाड्याची हाक देत होता, आणि सवयीने रूपेशचा हात बटणाकडे गेला. मी त्यावर माझा हात ठेवला.

"वाढवू नकोस," मी म्हटलं. "आहे तेवढ्यातच पसंत आहे."