रिकामी शाळुंका

बारशाच्या घुगऱ्या अजून वाटून व्हायच्या होत्या, तेवढ्यात देवघरातून रामेश्वर ओरडला, "आई, महादेव कुठंय?"

पाळण्याभोवतीच्या बायका तिकडे धावल्या. काळी दगडी शाळुंका जागच्या जागी होती. तिच्या कडेला सकाळचं बेलपानही होतं. मधलं वीतभर उंचीचं, गुळगुळीत लिंग मात्र गायब होतं.

सारजाबाईंच्या जुन्या शेजारीण सुगंधाबाई देवघराच्या दारातच थांबल्या. हा महादेव त्यांच्या ओळखीचा होता. त्या शेंद्र्यात नव्या नवरी होत्या, तेव्हा तो रामेश्वरच्या आईच्या, सारजाबाईंच्या, शेताच्या बांधावर उभा असे. पुढे जमीन कारखान्यांत गेली, घरदार शहरात पुंडलिकनगरच्या फ्लॅटमध्ये आलं आणि देवही जिना चढून वर आला. आज तो पुन्हा हलणार होता. रामेश्वरनं तो कॉलेजच्या संग्रहासाठी अतुल सरांना देऊ केला होता. सर दिवाणखान्यात घुगऱ्या खात बसलेच होते.

"हे मल्हारीचंच काम!" रामेश्वर म्हणाला. "झटकून बघा त्याची घोंगडी."

म्हातारा मल्हारी धनगर जिन्यात बसला होता. पहिलटकरीण मेंढीचा चीक घेऊन तो सकाळीच शेंद्र्याहून आला होता. पहिला चीक महादेवाला, मग माणसाला, हा त्याच्या बापजाद्यांचा नेम. त्याची घोंगडी झटकली, पिशवी उलटी केली. काहीच निघालं नाही.

"पण मधी तू खाली जाऊन आलास ना?"

"तंबाखू खाया गेलतो, मालक."

"ते चौकीत सांग."

"त्यानं नाय घेतला!" सारजाबाई कडाडल्या. पण चिडलेल्या लेकाला आईचं कुठलं ऐकू येतंय?

मल्हारी झटकलेली घोंगडी गोळा करू लागला. सुगंधाबाईंना ते बघवेना. त्यांनी सरळ धाकट्या भावाला फोन लावला.

खंडेराव दोन गल्ल्या सोडून राहत. त्यांच्या दारावर 'खासगी तपास' अशी पाटी होती. बहुतेक तपास लग्नाआधी नवरामुलगा दारू पितो का, एवढाच असे. पण डोकं तल्लख होतं. बरोबर आक्का, म्हणजे सुगंधाबाई, असायच्याच. आक्कांना दिसायचं सगळं, उमगायचं मात्र शेवटी, आणि हे त्या स्वतःच हसत सांगत.

"देव शेवटचा कुणी पाहिला?" आल्या आल्या खंडेरावांनी विचारलं.

"मी," रामेश्वर म्हणाला. "शेवटचा अभिषेक म्हणून मल्हारीचा चीक घातला, बेल वाहिला आणि सरांना आणायला गेलो. घरी बायका पाळणा सजवत होत्या. आई तेवढी दिव्याला तेल घालायला देवघरात गेली होती. मग देव दिसेना, तेव्हा आम्ही कपाटं, बॅगा, गाद्या, सगळं उलथंपालथं केलं."

"सगळं?"

"पाळणा सोडून. त्यात बाळ झोपलंय."

खंडेराव सरांकडे वळले. "सर, तुम्हाला हा दगड एवढा का हवा?"

सरांचा चेहरा खुलला. "हा साधा दगड नाही. जन्म कुठून येतो, हे कोडं माणसाला पडलं तेव्हा त्यानं जगभर असे दगड उभे केले. ग्रीकांच्या रस्त्यांवर, सीमांवर असे खांब असत. इजिप्तमध्ये तर पिकापाण्याच्या देवाची मूर्तीच तशी."

अपेक्षा, बाळाची आई, खाली बघायला लागली. सुगंधाबाईंनी उगाच पदर सावरला.

"यात लाजायचं काय?" सर म्हणाले. "लिंग म्हणजे बाप, शाळुंका म्हणजे आई. घरातल्या उखळ-मुसळात, पाटा-वरवंट्यातही काही अभ्यासकांना तीच जोडी दिसते."

खंडेरावांनी चष्मा काढून पुसला. आक्का जाणून होत्या, हे लक्षण बरं असतं.

ते स्वयंपाकघरात डोकावले. ताटातली चटणी बोटानं चाखत म्हणाले, "झकास! पाट्यावरची का गं, अपेक्षा?"

"नाही काका, मिक्सरची. पाटा-वरवंटा शेंद्र्यातच राहिला. फ्लॅटमध्ये कुठं ठेवणार?"

"खरंय. आक्का, बारसं कसं झालं ते सांग. काही गाळू नकोस."

सुगंधाबाई सांगू लागल्या. "मी आपली दाराशीच उभी होते. आपल्याला पोरबाळ नाही, पाळण्यापाशी कशाला मिरवायचं? तर सारजाबाईंनी हाताला धरून पुढं ओढलं. वरवंट्याला कुंची घालून, दुपट्यात गुंडाळून बाळ केलेलं होतं. ते आधी कपाळाला लावलं आणि पहिलं माझ्याच हातात दिलं. मग पाळण्याखालून-वरून दिलं-घेतलं, 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' म्हटलं, बाळाचं नाव सार्थक ठेवलं."

"आणखी?"

"कुंची ओलसर लागली. दुधाचा वास येत होता. मी म्हटलं, अगं बाई, वरवंट्यानं शू केली का काय! सगळ्या हसल्या."

"तुझी सांगायची पद्धत लाखमोलाची, आक्का," खंडेराव म्हणाले. "चला, चहा टाका. आलं भरपूर."

ते पाळण्याशी गेले. बाळाच्या पायाशी रिवाजाप्रमाणं ते गुंडाळलेलं दुसरं बाळ होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी अलगद उचललं आणि सुगंधाबाईंपुढे धरलं. "हा घे वरवंटा. सोड कुंची आणि ठेच याच्यानं आलं."

"नको!" सारजाबाई धावत आल्या. म्हातारीला एवढं धावताना कुणी पाहिलं नव्हतं. "हात लावू नको! देव हाय त्यो!"

सगळे पाळण्याभोवती गोळा झाले.

खंडेरावांनी दुपटं उलगडलं. इवल्याशा कुंचीतून काळाभोर महादेव बाहेर आला.

"माफ करा, मावशी. आलं ठेचू दिलं नसतंच," खंडेराव म्हणाले. "रामेश्वर, देव देवघरातून बाहेर कसा गेला, ते तुम्ही शोधत होतात. तो पाळण्यात कसा आला, हे कुणी विचारलंच नाही. या घरात पाटा-वरवंटा नाही. मग बारशाला वरवंटा आला कुठून?"

"शेजारून आणला असेल, असं मला वाटलं," सुगंधाबाई म्हणाल्या.

"मलाही तेच वाटलं असतं. पण शेजारचा वरवंटा आला असता मिरची-लसणाचा वास घेऊन. याला दुधाचा वास होता आणि कुंची ओली. बारशाच्या घरात दुधाचा वास कुणाला खटकणार? पण तो बाळाचा नव्हता. मल्हारीचा चीक होता तो, सकाळच्या अभिषेकाचा. वरवंट्याला कुणी कपाळ लावत नाही, मावशींनी लावलं. देवघरात शेवटी गेल्या त्या मावशीच. आणि मल्हारीनं घेतला नाही हे त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. ज्याला चोर ठाऊक, तोच असं बोलतो."

"आई, का?" रामेश्वरचा आवाज खाली आला होता.

सारजाबाई खाली बसल्या. "मल्हारीवर आळ येईल हे डोक्यातच आलं नाय रे. तू चौकीची पायरी चढला असतास, तर मी आडवी पडले असते. या देवानं आपल्या घरात पाच पिढ्यांचे पाळणे हलवले. त्याला काचंच्या कपाटात घालतोस? कारखान्याच्या भिंतीबाहेर लिंबाखाली जागा हाय अजून. गडबड निवली की मल्हारीसंगं धाडणार होते."

रामेश्वर जिन्यात गेला आणि मल्हारीपुढे खाली बसला. काय बोलला ते कुणाला ऐकू आलं नाही. आत आला तेव्हा त्यानं म्हाताऱ्याचा हात धरला होता.

अतुल सरांनी जवळ येऊन ती कुंची निरखली. "माझ्या कपाटात याला चीक कोण पाजणार?" ते म्हणाले. "एक फोटो द्या, पुरे. आणि कुंची राहू दे डोक्यावर."

सगळे हसले. सुगंधाबाईंना हसू येईना. आपण कशाला हातात घेतलं होतं, हे त्यांना आत्ता कुठं उमगत होतं. बांधावरची ती पायवाट आठवत होती, पहाटेचा गारठा, ओला तांब्या आणि दर सोमवारचं तेच एक मागणं. मग एके दिवशी त्यांनी तांब्या बांधावरच फेकला होता. पुन्हा त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या.

"सुगंधा," सारजाबाई हळूच म्हणाल्या, "पहिला तुझ्याच हातात का दिला, कळलं का?"

सुगंधाबाईंनी मान हलवली, नाही म्हणून.

"तू पाणी घालायचीस तवा मी मागं घागर घेऊन उभी असायचे. लई वाट बघितलीस. त्यानं काय तुला लेकरू दिलं नाय. मी म्हणलं, जाता जाता त्यानंच यावं तुझ्या कुशीत एकदा."

सुगंधाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते वाहू दिले. खंडेराव खिडकीबाहेर बघू लागले.

थोड्या वेळानं रामेश्वरनं शेंद्र्याला जायला बोलावलेली रिक्षा खाली आली. मल्हारी देव घ्यायला पुढे झाला.

"थांबा, मल्हारीभाऊ," सुगंधाबाई म्हणाल्या. त्यांनी कुंचीचा बंद पुन्हा नीट बांधला, दुपटं चारी बाजूंनी खोचलं आणि महादेव छातीशी धरला. "शेंद्र्यापर्यंत मी घेते मांडीवर."