हं म्हणणारी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या आतेबहिणीच्या घरात घडलेली आहे, आणि त्यातली अर्धी मी माझ्या या दोन कानांनी ऐकलेली आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. मी देवाला मानणारी बाई, भुताखेतांत मला कधीच गोडी नव्हती. पण कानांना खोटं कसं ठरवू?

आणि रात्र, अंधार, असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. भर दुपार होती. मंगळवार. चौथा मजला. खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, वर कुणाचा तरी खिळे ठोकण्याचा आवाज.

अशा दुपारी ते पहिल्यांदा आलं...

माझी ही आतेबहीण सगळ्यांत थोरली, म्हणून आम्हा सगळ्यांची ताई. एका कंपनीच्या तक्रार विभागात ती फोनवर बसायची. पलीकडून माणूस तावातावानं भांडायचा आणि ताई म्हणायची, "हं... हं... बोला, ऐकतेय." यातच केस पांढरे झाले. पण मनात एकच होतं. लेखिका व्हायचं. हौस म्हणून नाही. पोटापाण्याचा धंदा म्हणून.

प्रकाशकांनी दारात उभं केलं नाही. मग तिनं नोकरी सोडली आणि पुस्तक स्वतःच काढलं. पानं लावायला स्वतः शिकली. मुद्रितं स्वतः तपासली, डोळ्यांची वाट लावून. मुखपृष्ठ लेकीनं केलं. लेक कॉलेजात आहे, घरात तिला बारकी म्हणतात.

पुस्तक होतं ताईच्या आईवर, म्हणजे माझ्या आत्यावर. आत्या कपडे शिवायची. कुणाच्या बाह्या आखूड कर, कुणाची कंबर सैल कर. फार मायेची बाई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

पुस्तक छापून आलं. सुरेख आलं.

आणि... काहीच झालं नाही.

नातेवाइकांनी फुकट प्रती नेल्या, फोटो काढून मोबाइलवर टाकले, खाली एकमेकांना अंगठे दाखवले. एक पान कुणी उलटलं असेल तर शपथ. उरलेले गठ्ठे पलंगाखाली गेले. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पाहुण्यांना म्हणायचे, "जपून बसा, खाली साहित्य आहे."

माणूस वाईट नाही. पण ताई काही वाचून दाखवायला लागली की मोबाइलवरून मान न उचलता म्हणायचे, "हं."

"काय वाचलं मी आत्ता?"

"तेच ना... तुझ्या आईचं."

ताई कागद खाली ठेवायची. असं किती वेळा झालं, कुणी मोजलं?

मग कुणीतरी तिला सांगितलं, आजकाल लोक वाचत नाहीत, ऐकतात. पुस्तक स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड कर. स्टुडिओ परवडणारा नव्हता. घरात एक अडगळीची खोली होती, बिनखिडकीची. बारकीनं तिच्या भिंतींना जुन्या गाद्या आणि रजया टांगल्या, स्टुलावर माइक लावला, दार लावून घेतलं की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही.

त्या मंगळवारी ताईनं पहिलं प्रकरण वाचलं.

संध्याकाळी बारकी ते साफ करायला बसली. कानाला हेडफोन, कपाळाला आठी.

"आई, तू मधेमधे हं का म्हणतेस?"

"कुठे म्हणते?"

"वाक्य संपलं की. हे ऐक."

ताईनं हेडफोन लावला. तिचाच आवाज. वाक्य संपलं. मग श्वासापुरती शांतता. आणि मग...

हं.

हळू. माइकच्या अगदी जवळून. बाईमाणसाचा आवाज, वय झालेला. जसं कुणी मांडी घालून समोर बसावं आणि म्हणावं, पुढे सांग.

"नोकरीची सवय," भाऊजी म्हणाले. "ती झोपेतसुद्धा म्हणते."

ताईही हसली. पण दुसऱ्या दिवशी प्रत्येक वाक्यानंतर तिनं जीभ दातांखाली धरली.

हं होताच.

एके ठिकाणी तर तिनं मधेच पाणी प्यायलं होतं. घोट गिळल्याचा आवाज आला. आणि नेमका त्याच क्षणी... हं.

एका गळ्यातून दोन्ही कसं येईल, तुम्हीच सांगा.

भाऊजींनी एक दुपार खोली रिकामी ठेवून माइक चालू ठेवला. काही नाही. मग स्वतः आत बसून मोठ्यानं वर्तमानपत्र वाचलं. तरी काही नाही. बाहेर येऊन म्हणाले, "माझं कुणी ऐकत नाही बुवा, भूतसुद्धा."

भ्यायला हवं होतं ताईनं. पण ती भ्याली नाही. तिचा मला फोन आला तेव्हा आवाज ओला होता.

"अगं, आई आहे ती. आई ऐकतेय माझं."

मला काय वाटलं म्हणून सांगू? डोळ्यांत पाणी आलं माझ्या. लहानपणी ताई शाळेतून आली की मशीनपाशी बसून अखंड बडबडायची, आणि आत्या टाके घालता घालता हं म्हणायची. मेल्यावरही लेकीचं ऐकायला आली म्हणायची. मी मनातल्या मनात हात जोडले.

बारकी ते हं काढून टाकणार होती. ताईनं हात धरला.

"राहू दे. माझ्या आईला कापायचं नाही."

तसंच पुस्तक इंटरनेटवर चढलं. आणि काय सांगावं, चाललं. धो धो चाललं. अनोळखी लोक लिहायला लागले. कुणी म्हणे, ऐकताना शेजारी कुणीतरी बसलंय असं वाटतं. कुणी म्हणे, त्या हं म्हणणाऱ्या बाई कोण? एकानं तर लिहिलं, वाचणारी ठीक आहे, पण ऐकणारी लाजवाब.

ताईनं तेही गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा फोनवर कुणी तिला तक्रार न करता मॅडम म्हणत होतं. विचारत होतं, पुढचं पुस्तक कधी?

मी पेढेबिढे न घेता नुसतीच भेटायला गेले. तिनं बळंबळं मला हेडफोन लावला. मी रडायच्या तयारीनंच बसले होते.

ऐकलं.

हेडफोन काढून ठेवला मी.

"ताई... ही आत्या नाही."

"काहीतरीच काय."

"अगं, शिवताना आत्याच्या ओठांत टाचण्या असायच्या. तोंड उघडता यायचं नाही तिला. तिचा हं मिटल्या ओठांतून यायचा, नाकातून. हा बघ... हा उघड्या तोंडाचा आहे."



"टाचण्या?" ताई म्हणाली. "कसल्या टाचण्या?"

आधी वाटलं, चेष्टा करतेय. पण चेष्टेचा चेहरा असा नसतो.

पुस्तकाची सुरुवातच त्या टाचण्यांनी आहे हो! बारकीनं न बोलता पहिलं प्रकरण लावलं, मोठ्या आवाजात. खोलीभर ताईचा आवाज पसरला. 'आईच्या ओठांत टाचण्या असत, म्हणून ती माझ्याशी डोळ्यांनी बोलायची...'

हं.

ताई मान तिरकी करून ऐकत होती. दुसऱ्या कुणाचं पुस्तक ऐकावं तशी.

"छान लिहिलंय ग," ती म्हणाली.

मी तिला एकेक विचारत गेले. आत्याचं मशीन कुठे असायचं? तुला ती लाडानं काय हाक मारायची? जाताना तुझ्याशी काय बोलली?

काही नाही. कोरी पाटी.

जे पुस्तकात नव्हतं तेवढं आठवत होतं. समोरच्या दुकानाच्या शटरचा रंग. जिन्याचा तुटका कठडा. आई मात्र नाही. त्या खोलीत जे जे सांगितलं, ते ते गेलं. हं म्हणत म्हणत कुणीतरी ते घेऊन गेलं होतं.

"बंद कर हे," मी म्हटलं. "तुझ्या पाया पडते."

"का? गेलं तर गेलं. मी एकटी आठवून काय करत होते? आता हजारो लोकांना आठवतं."

"पण तुला नाही आठवत, ताई."

तिचा चेहरा एवढासा झाला. क्षणभरच. मग ती जे बोलली ते अजून माझ्या छातीत रुतून आहे.

"जन्मभर मी लोकांचं ऐकलं. ऑफिसात ऐकलं, घरात ऐकलं. माझं कुणी ऐकलं? आता कुणीतरी ऐकतंय, तर तुम्हाला तेही बघवत नाही."

"देव ऐकतोच ना ग आपलं..."

"देव हं म्हणत नाही," ताई म्हणाली.

 उत्तर मला जिना उतरताना सुचलं, की देव ऐकतो, पण ऐकलेलं आपल्याकडेच ठेवतो. तोवर दार लागलं होतं. आणि परत वर जायचं मला धैर्य झालं नाही.

निघताना मी एवढंच विचारलं होतं, "दुसरं पुस्तक कशावर?"

"बारकीवर. पार जन्मापासून. लिहून तयार आहे."

बारकी तिथेच उभी होती. लॅपटॉप छातीशी धरून.

बारकीनं सगळं सांगितल्यावर त्याच रात्री भाऊजींनी खोलीतल्या गाद्या काढल्या, माइक काढला, दाराला कुलूप घातलं. सकाळी किल्ली खिशात घालून कामावर गेले. हसणं-बिसणं आता संपलं होतं त्यांचं.

पुढचं बारकीनं मला सांगितलं. ती पोर खोटं बोलत नाही.

दुपारी ती कॉलेजातून लवकर आली. तिच्याच किल्लीनं दार उघडलं. घर शांत. स्वयंपाकघर रिकामं. अडगळीच्या खोलीला कुलूप तसंच.

पण आईचा आवाज येत होता...

झोपायच्या खोलीतून. कपाटातून.

'...आणि मग बारकी माझं बोट सोडून एकटीच चालायला लागली. मागे वळून बघितलंसुद्धा नाही तिनं.'

मग थांबली.

आणि आतून...

हं.

तोवर तो आवाज फक्त रेकॉर्डिंगमध्ये यायचा. त्या दिवशी बारकीनं तो उघड्या कानांनी ऐकला. कपाटाच्या दारापलीकडून. एका हाताच्या अंतरावर.

तिनं दार ओढलं.

आत लटकलेल्या कपड्यांमध्ये ताई बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. मांडीवर मोबाइल. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लुकलुकत होता. बाकी कुणी नाही. कपडे मात्र हलत होते. एका बाजूचेच.

ताईच्या चेहऱ्यावर समाधान होतं. बारकी म्हणते, तसं समाधान तिनं आईच्या चेहऱ्यावर कधीच बघितलं नव्हतं.

"झालं," ताई म्हणाली आणि तिनं मोबाइल बंद केला.

मग तिनं वर बघितलं. गडबडीनं उठली. कपडे सारखे केले, केसांवरून हात फिरवला.

"अय्या... तुम्ही कधी आलात? दार उघडंच राहिलं वाटतं. बसा ना."

तुम्ही.

पोटच्या पोरीला. जिला रागातसुद्धा कधी कुणी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"आई..." बारकीच्या तोंडून एवढंच निघालं.

ताईचा चेहरा खुलला.

"आईचं पुस्तक ऐकलंत? हो, मीच ती. घरापर्यंत शोधत आलात म्हणजे कमालच केलीत. बसा, पाणी आणते."

आणि ती खरंच पाणी घेऊन आली. ट्रेमध्ये. पाहुण्यांच्या ग्लासात.

डॉक्टर झाले. डोक्याचे फोटो झाले. सगळं स्वच्छ. भाऊजींना ती ओळखते, मला ओळखते, गॅसचा नंबर पाठ सांगते. भाऊजी परवा म्हणाले, "माझ्यावर काही लिहावंसं तिला वाटलं नाही, म्हणून मी शिल्लक आहे." म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

दुसरं पुस्तक तिनं त्याच संध्याकाळी चढवलं. ते पहिल्याहून जास्त चाललं. आज ताई पूर्ण वेळ लेखिका आहे. तिच्या लिहिण्यावर घर चालतं. नव्या लेखकांना ती मार्गदर्शन करते. सांगते, मनापासून सांगा, हातचं राखू नका.

बारकी त्याच घरात राहते. आई तिला अहो म्हणते, जेवायला आग्रह करून वाढते. कुणी विचारलं तर सांगते, आमच्याकडे राहते ती मुलगी, फार गुणी आहे.

आणि बारकी रोज ते दुसरं पुस्तक ऐकते. कारण आता आई तिला 'बारके' म्हणून हाक मारते ती फक्त तिथेच.

मी तिला म्हटलं, "ते हं तरी काढून टाक ग मधले. कसं ऐकवतं तुला?"

"काढून बघितलं, मावशी. तो एक हं काढला की त्याच्या आधीचं आईचं वाक्यपण जातं. फाइल असते... पण आत काही नसतं."

काल रात्री जेवणं झाल्यावर तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "मावशी, मी पण थोडं लिहायला घेतलंय."

"कशावर?"

"आईवर."

 मी शक्य तितकं साधं बोलले. "लिही हो बाळा. पण मोठ्यानं नाही ना वाचलंस?"

तिनं विषय बदलला.

"बारके, मला एक सांग. तू लहान होतीस तेव्हा आई तुला झोपवताना काय गुणगुणायची? आठवतंय ना?"

 बारकी आठवत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"थांब हं मावशी," ती म्हणाली. "ऐकून सांगते."

फोन ठेवला तिनं.

मी थांबले आहे. देवापुढचा दिवा विझला तरी जागची उठले नाही. आता दुपार व्हायला आली...

तिचा फोन अजून आलेला नाही.