अकरातली एक

मी भित्री आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. पाल दिसली की मी खुर्चीवर चढते, आणि दादाची मोटरसायकल बाहेर काढायची म्हटलं की शंभर सबबी शोधते. तरी दर रविवारी सकाळी मी ती काढायचे. दुसऱ्या गिअरच्या वर न जाता पेट्रोल पंपापर्यंत न्यायचे आणि परत आणायचे, उभ्या उभ्या इंजिन जाम होऊ नये म्हणून. अपघातात दादाचा गुडघा कायमचा आखडला होता. आणि हे मॉडेल बंद पडून पंधरा वर्षं झालेली. चालत्या स्थितीत सगळ्या मिळून अकरा गाड्या उरल्या होत्या. त्यातली एक माझ्यासारखीच्या हाती, म्हणजे माकडाच्या हाती कोलीतच.

त्या रविवारी पंपावरून निघाले, तर समोरून तशीच एक आली. अगदी तशीच… लाल, पुढे झुकलेली. शेजारून सुसाट निघून गेली, कचकन ब्रेक लागला आणि वळून माझ्याच दिशेने आली. मी गाडी पार कडेला घेतली.

या गाडीवाल्यांची एक रीत आहे. रस्त्यात दोघं भेटले की दोघांनी थांबायचं, इंजिन बंद करायचं आणि आपल्या चॅसी नंबरातले शेवटचे दोन आकडे सांगायचे. तीच ओळख. नावंबिवं नंतर, जमलं तर.

त्याने हेल्मेट काढलं. कुरळे केस, हसरे डोळे.

"एकाहत्तर," तो म्हणाला. "आणि तुम्ही?"

"छत्तीस." माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

"छत्तीसचा आकडा! म्हणजे आपलं जमायचं नाही."

"न जमायला काय झालं…" मी बोलून गेले आणि जीभ चावली. तो गाडीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघायला लागला. या लोकांत हे फार क्वचित घडतं.

तो दातांचा डॉक्टर निघाला. मी छापखान्यात पुस्तकांच्या बांधणीचं काम करते, हे कळल्यावर त्याने माझी बोटं पाहिली. सरस वाळून कडक झालेली. मी ती पटकन मागे लपवली. पुढच्या रविवारी तो दादाला भेटायला घरी आला, त्याच्या पुढच्याही आला. दादाशी दहा मिनिटं कार्ब्युरेटरवर बोलायचा आणि मग मी कोऱ्या कागदांचे गठ्ठे शिवत असायचे, तिथे तासभर स्टूल ओढून बसायचा. मला तिसरा गिअर त्यानेच शिकवला. चौथ्याला मी हात जोडले.

मला तो आवडायला लागला होता. आणि म्हणूनच मला धास्ती वाटत होती. कारण दादाकडे येणारे सगळे शेवटी त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेसाठीच यायचे. आयुष्यभर जमवलेले सुटे भाग होते तिच्यात, जगात दुसरीकडे कुठेही न मिळणारे. गोड बोलायचं, चहा प्यायचा आणि हळूच विषय काढायचा. कोणी दादाची बहीण म्हणून माझी चौकशी केली, तरी त्याची नजर ट्रंकेवर असायची. हाही तसलाच असला तर?

एका शनिवारी दुपारी त्याने विषय काढलाच. दवाखान्यासमोर त्याची गाडी आडवी झाली होती आणि पुढच्या ब्रेकचा लिव्हर वाकला होता. एखादा मिळेल का, असं त्याने विचारलं. म्हणजे हाही तसलाच, पण मी ट्रंक उघडली. दादा गुडघ्याच्या व्यायामाला गेला होता. आत दोन लिव्हर होते. एक तेलकट फडक्यात गुंडाळलेला, दुसरा मखमलीचं अस्तर लावलेल्या डब्यात. हातचं राखून द्यायचं माझ्या जिवावर आलं. मी डबाच दिला.

तो लिव्हर खिडकीपाशी नेऊन त्याने बराच वेळ पाहिला. मग डबा बंद केला, बारीक आवाजात आभार मानले आणि चहा न घेता निघून गेला. मनात म्हटलं, झालं, गरज सरो वैद्य मरो.

रविवारी सकाळी नऊ वाजता दादाने ट्रंक उघडली.

"डब्यातला लिव्हर कुठाय?"

मी सांगितलं. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. तो लिव्हर त्याच्या अपघातातला होता. वरून धड दिसायचा, पण मुळाशी केसाएवढी भेग होती. जोरात दाबला की हातात येणार. या गाडीचा मोडका भागही कोणी टाकत नाही, तसाच नवा ओतून घ्यायला नमुना म्हणून जपतात. म्हणून मोडका डब्यात. आणि चांगला फडक्यात, आलेल्यागेलेल्याचा डोळा पडू नये म्हणून.

आणि आज डोंगरापलीकडे गाडीवाल्यांचा मेळावा होता. डॉक्टर त्यासाठी सकाळीच निघणार होता. पलीकडचा उतार म्हणजे सात वळणं, एकापेक्षा एक अवघड. मी त्याला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला.

दादा गुडघ्यावर हात ठेवून बसला होता. "मी गेलो असतो गं," एवढंच तो म्हणाला. मी फडक्यातला लिव्हर खिशात टाकला आणि किल्ली घेतली.

बाहेर भुरभुर पाऊस होता, रस्ता ओला. तिसरा गिअर. मग चौथा, कधी पडला ते कळलंही नाही. तोंडाने मी काय पुटपुटत होते देव जाणे. प्रत्येक वळण आलं की वाटायचं, आता पुढे काहीतरी लाल दिसेल, आडवं पडलेलं. एका ठिकाणी खरंच दिसलं. मी ब्रेक दाबला… कोणाची तरी वाळत घालून पावसात विसरलेली चादर होती.

माथ्यावर, उतार सुरू होण्याआधी, एक चहाची टपरी आहे. तिथे त्याची गाडी उभी होती, आणि बाकावर तो, हातात गार झालेला चहा. मी गाडी स्टँडला लावली आणि धावले.

"लावलास का तो? लिव्हर लावलास का?"

'तुम्ही' कुठल्या वळणावर गळून पडलं, मला माहीत नाही.

"नाही," तो म्हणाला आणि त्याने जाकिटातून डबा काढला. "दिवसभर दातांतल्या भेगाच बघतो मी. खिडकीपाशी नेला तेव्हाच दिसली. वाकडाच ठोकून सरळ केलाय."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, चांगला राखून ठेवून तू मला मोडका दिलास. सगळे तेच करतात, मीही केलंय एकदोनदा. पण तू माझ्याशी तसं वागलीस, हे फार लागलं. फोन उचलला असता तर विचारावं लागलं असतं… आणि उत्तराची भीती वाटली."

मी फडक्यातला लिव्हर त्याच्या पुढ्यात ठेवला. चूक कशी झाली ते सांगितलं. सांगता सांगता रडू फुटलं.

"मला वाटलं तू पडलास. सगळ्या रस्त्याने मला तू पडलेलाच दिसत होतास. माझ्या हातून. मला तू हवा आहेस रे… तुला ट्रंक हवी असली तरी चालेल."

"ट्रंक तुझ्या दादाला लखलाभ," तो म्हणाला. "मी दर रविवारी स्टूल ओढून बसायचो, ते काय सरसाच्या वासासाठी?"

त्याने माझे हात धरले. ते इतके थरथरत होते की टपरीवाल्या मावशींनी दिलेला चहा अर्धा बशीत सांडला. दुसरा कप दिला, तोही सांडला. पाऊस थांबला, पण माझी थरथर थांबेना. या हातांनी मी परत गाडी चालवणं शक्य नव्हतं. माथ्यावर चालवणारा एक आणि गाड्या दोन.

ही गाडी रस्त्यात टाकून जाणारा माणूस त्या अकरा जणांत अजून जन्माला यायचा होता. तापाने फणफणले तरी ते ती ढकलत घरी नेतात. मी म्हटलं, थोडं थांबू, होईन मी बरी. त्याने चांगला लिव्हर माझ्या खिशात परत ठेवला, उठला आणि स्वतःच्या गाडीची किल्ली मावशींच्या हातात दिली.

"मावशी, ही इथेच राहू द्या. उद्या-परवा बघू."

मग माझ्या हेल्मेटचा पट्टा त्याने स्वतः लावला आणि दादाच्या गाडीवर बसला. मागची सीट नावालाच असते, तिथे मी कशीबशी मावले. निघताना त्याने एकदाही वळून मागे पाहिलं नाही. मी मात्र भीत भीत दोनदा पाहिलं, आणि मग हेल्मेटसकट डोकं त्याच्या पाठीवर टेकलं.