वाढत गेलेला हात

टेबलावर नऊ प्राणी होते, नऊ हात होते आणि चहाच्या कपाचे दोन गोल डाग होते. डाग तिनं सोडून दिले. बाकीचं सगळं तिला संध्याकाळपर्यंत तपासायचं होतं.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठीचं प्राण्यांचं पुस्तक होतं ते. प्रत्येक पानावर एक प्राणी किंवा त्याची एखादी वस्तू, अगदी खऱ्या मापाची; आणि शेजारी सात वर्षांच्या मुलाचा हात, तोही खऱ्या मापाचा. वाचणाऱ्यानं आपला पंजा त्या हातावर ठेवायचा आणि बघायचं, शहामृगाचं अंडं केवढं, साळिंदराचा काटा केवढा!

प्राणिशास्त्राची पदवी घेऊन ती या प्रकाशनसंस्थेत चुका शोधायला आली होती. पहिल्याच दिवशी जिन्यात तिची धडक बसून चित्रकाराचे कागद पायऱ्यांवर पसरले, तेव्हा 'सॉरी'च्या आधी तिच्या तोंडून निघालं होतं, "अहो, या कोळ्याला दोन पाय कमी आहेत!"

तेव्हापासून तो तिला 'तपासनीस' म्हणायचा. ती पट्टी घेऊन समोर बसली, की मान खाली घालून मुकाट्यानं रेघा ओढायचा. आपली पट्टी याच्या डोळ्यांत खुपते, असं तिनं धरूनच ठेवलं होतं. म्हणून तर संपादकबाईंनी पक्ष्यांच्या घरट्यांचं पुढचं पुस्तक, तेही याच चित्रकाराबरोबर, देऊ केलं, तरी मनातलं 'हो' ओठांवर येईना. उत्तर आजच द्यायचं होतं.

अंडं बरोबर. काटा बरोबर. गोगलगाय बरोबर. मग तिनं सहज हातांना पट्टी लावली… आणि पुन्हा लावली.

"अहो, जरा इकडे या."

"आता कुणाचा पाय कमी पडला?"

"कमी नाही, जास्त झालंय. पहिल्या पानावर हात तेरा सेंटिमीटर. पाचव्यावर पंधरा. नवव्यावर सतरा! पुस्तक संपेपर्यंत मूल लग्नाला आलं की हो!"

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझ्या भाचीचा हात गिरवून दिला होता ना मी?"

"दिला होता. पहिली चार पानं त्यावरूनच काढली. मग तो कागद… हरवला."

"मग पुन्हा मागायचा!"

"तुम्ही ओरडला असता. म्हटलं, समोर आहे ते बघून काढू."

"समोर काय होतं?"

त्यानं खोडरबराचा चुरा झटकला. मग नसलेला चुरा झटकला. "पट्टी होती… आणि पट्टी धरलेला हात. खरं सांगू? तो पानोपानी वाढत गेला, ते माझ्या लक्षातच आलं नाही."

तिनं नववं पान उचललं. बेडकाशेजारच्या हाताला करंगळीखाली तीळ होता. भाचीला तिथे तीळ नव्हता.

"आणि मला वाटायचं, माझी पट्टी तुम्हाला खुपते," ती हळूच म्हणाली.

"खुपतेच. सारखी मध्ये येते."

तेवढ्यात आतून संपादकबाईंची हाक आली. "काय गं, घरट्यांचं काय ठरलं? घेतेस, की दुसरं कुणी बघू?"

"घेते, बाई!"

बाई चष्मा सावरत दारात आल्या. "अगं, बहिरी नाहीये मी. चित्रं झाली तपासून?"

"पाच पानांवरचे हात पुन्हा काढावे लागतील. उद्या भाचीलाच घेऊन येते."

बाईंनी नवव्या पानाकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे, मग चित्रकाराच्या कानांकडे. "बरं," त्या म्हणाल्या, "दार ओढून घेते हं. पंख्यानं कागद उडतात तुमचे."

पंखा बंद होता.

"या नवव्याचं काय करू?" त्यानं विचारलं. "फाडून टाकू?"

"न तपासताच?"

तिनं आपली पट्टी त्याच्या हातात दिली. आजवर ती तिनं कुणालाही दिली नव्हती. मग चित्रातल्या हातावर तिनं अलगद आपला हात ठेवला. तो पट्टी घेऊन खाली वाकला.

"हं, सांगा."

"मधलं बोट… फरक शून्य. करंगळी, शून्य. आणि अंगठा…"

"पट्टी हलतेय तुमची. नीट धरा."

त्यानं दुसऱ्या हातानं तिचं मनगट धरलं आणि पट्टी पुन्हा लावली.

"अंगठा, एक मिलिमीटर."