वेगळा गडवा

त्र्याऐंशी साली मी पांढुर्ण्याच्या एका दहा खाटांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. औषधांच्या खोलीबाहेर माठ आणि त्यावर एकच पितळी गडवा. डॉक्टरांपासून शिपायापर्यंत सगळे वरून पाणी पीत. मला ते कधी जमलं नाही. पाणी नाकात जाई. कोणी पाहत नसलं की मी गडव्याला ओठ लावायचो आणि रुमालाने काठ पुसून ठेवायचो. तेवढं पुरेसं आहे, असं मला वाटे.

पोळ्याच्या पंधरा दिवस आधी मला ताप आला. तीन दिवस एकच स्वप्न. मी जाम नदीत उभा, पाणी घोट्यापर्यंत, कोमट. पलीकडे सावरगावच्या काठावर हिरव्या लुगड्यात रजनी, माझी बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. ती हाताने बोलावत होती. ताप उतरला, स्वप्नही गेलं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं.

मग शिपाई गुणवंता तापला.

"कंपाउंडरबाबू, सपनात मी जाम नदीत चालून राहिलो. टोंगळ्याइतकं पानी. पलीकडं हिरव्या लुगड्याची बाई, ये म्हणते. आपली ना ओळख ना पाळख!"

गुडघ्यावर हात ठेवून दाखवत तो हसला. मी गडव्याचा काठ पुसत होतो.

तो बरा झाला त्याच दिवशी छाया सिस्टरला ताप भरला. "साथ आहे," डॉक्टर म्हणाले, "गडवा उकळत जा." मी दोनदा उकळला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून दगडफेक होते ती गोटमार तोंडावर आलेली, जखमी येणार, म्हणून तिला सुट्टी नव्हती. घरी आठ महिन्यांची मुलगी.

"पाणी छातीपर्यंत आलं, काका," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज गळ्यापर्यंत. भीती नाही वाटत. जावंसं वाटते."

मला राहवलं नाही. "सिस्टर, मी गडवा तोंडाला लावतो. हे माझ्यामुळे..."

"माहीत आहे." तिने डोळे मिटले. "त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईनंच सांगितलं. म्हणे, त्यायले वरून पेता येत नाही. त्यायचा गडवा वेगळा ठेवा."

मी तिला पाणी दिलं. तिला मान वर करवेना म्हणून तिनेही ओठ लावले. उरलेलं मी प्यालो, काठ न पुसता. ते स्वप्न माझ्याकडे परत यावं म्हणून.

सकाळी छायाचा ताप उतरला होता. "काही दिसलं नाही, काका," ती म्हणाली.

मलाही दिसलं नव्हतं.

माठावर दोन गडवे होते.

दुसरा लहान होता. त्यावर कोरलेलं नाव मी बोटाने वाचलं. सौ. रजनी. तिच्या अस्थींबरोबर मीच तो जाम नदीत सोडला होता.

तळाशी ओली रेती. पितळ गार.

फक्त काठ एका जागी कोमट होता, ओठ लागतात तेवढाच.