मोनूच्या कांद्याची मुळं

"हा कांदा कोणं मारला?" मेघाने पेला मोनूच्या नाकाखाली धरला.

दिवाळीच्या सुट्टीत ती लाखनीहून कोंढ्याला काकांकडे आली होती, शाळेचा सूक्ष्मदर्शक सोबत घेऊन. दहावीच्या प्रकल्पासाठी पेल्यांत कांदे ठेवायचे आणि मुळांच्या टोकाशी पेशी कशा विभागतात ते पाहायचं होतं. पाणी बदलायचं काम चुलतभाऊ मोनूकडे, आणि मोनू म्हणजे आळशांचा मेरुमणी! बाकी मुळं सुतासारखी लांब वाढली होती, या एका कांद्याची मात्र खुंटून टोकाशी फुगलेली. बरंच दरडावल्यावर मोनू कबूल झाला. हँडपंपापर्यंत जायचा कंटाळा आला, म्हणून त्याने आईचा उरलेला काढा पेल्यात ओतला होता.

मेघाचा राग कुठल्या कुठे पळाला. तिला भीती वाटली.

मोनूची आई, रीताकाकू, आतल्या खोलीत पडून होती. गुडघेदुखीवर मधुकररावांचा काढा सुरू केल्यापासून उलट्या, जुलाब, आणि आता केसही मुठीमुठीने गळत होते. मधुकरराव गावाचे औषधवाले, त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. गुण येईना, तेव्हा त्यांनी शेजारच्या विधवा शकुनबाईची नजर लागल्याचं सांगून टाकलं. मग मेघाच्या आजीने, आनंदाबाईने, शकुनबाईला अंगणात धरायला लावलं आणि स्वतःच्या हाताने तिचे केस कातरले. लोक हसत उभे होते. उद्या बैठक भरवून तिला गावाबाहेर काढणार होते.

मेघाने मुळांची टोकं रंगवून काचपट्टीवर दाबली. चांगल्या मुळात सगळं पुस्तकातल्यासारखं दिसलं. पेशी वाढते, गुणसूत्रं दुप्पट करते. मग ती मधोमध रांगेत येतात, बारीक धागे त्यांना दोन टोकांकडे ओढतात आणि एकीच्या दोन पेशी होतात. मोनूच्या कांद्यात गुणसूत्रं आखडून विखुरलेली होती. टोकाकडे एकही गेलं नव्हतं.

तिने शिक्षिका निर्मलाबाईंना फोन लावला. कळलावी या रानवेलीच्या कंदातलं विष असंच करतं, ते धागे बनूच देत नाही, असं बाई म्हणाल्या. केसांच्या मुळांशी आणि आतड्यात पेशी सतत विभागतात, म्हणून पहिला घाव तिथेच बसतो. काढा ताबडतोब थांबवा आणि दवाखाना गाठा, असं त्यांनी बजावलं.

काढा थांबवायला आजी तयार होईना. तेव्हा मोनूने काढा बाटलीत लपवला आणि आईला गुळाचं पाणी पाजलं. पण काढा तर सुंठीचा, त्यात कळलावी कुठून आली? सकाळी मोनूची बहीण गुड्डी आजीच्या पाठीचा लेप आणायला मधुकररावांकडे गेली. त्यांनी खलात कळलावी वाटली आणि मग त्याच खलात सुंठ टाकली.

"खल धुऊन देऊ का जी?" गुड्डीने साळसूदपणे विचारलं.

"धुतला का औषधाचा गुण जाते, पोरी." वडिलांचे दोन खल होते, लेपाचा फुटला तेव्हापासून ते एकावरच भागवत होते, हेही त्यांनी अभिमानाने सांगितलं.

बैठकीत मेघाने दोन्ही कांदे आणि लपवलेल्या काढ्याची बाटली सगळ्यांसमोर ठेवली. मधुकरराव हसले. माणसाचं दुखणं कांद्याला काय कळतं म्हणत काढा स्वतः पिऊन दाखवायला त्यांनी बाटली उचलली.

"पिऊ द्या त्याईले," मोनू म्हणाला. "माही आई बी पेली ना."

"आबाजी," मेघा मधुकररावांना म्हणाली, "त्याच खलात कळलावी वाटली होती. गुड्डीनं पाह्यलं."

बाटली ओठांशीच थांबली. लेपाचा हात तोंडाला लावू नका, असं घरोघर सांगणारे तेच होते. त्यांनी बाटली खाली ठेवली. मग कुणाला काही विचारावं लागलं नाही.

काकांनी काकूला तडक भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. ती वाचली. सरपंचांनी तिघांना हार घातले, डॉक्टरांनी पाठ थोपटली, आजीने लाडू वळले. शकुनबाईला जायला नको, एवढंच बैठकीत ठरलं. माफी कुणीच मागितली नाही.

लाडू घेऊन मेघाच गेली. शकुनबाई डोक्यावर पदर ओढून दारात बसली होती.

"काकूचे केस परत येतीन," मेघा म्हणाली. "तुमचे बी येतीन, मावशी."

"येतीन ना बाई." शकुनबाईने लाडू घेतला नाही. "पण लग्न होऊन आली तवापासून मी तुह्या आजीले बहीण म्हणत होती. कैची तिच्याच हातात होती."

मेघाने गळ्यातला हार काढला. तो कुठे ठेवावा ते तिला सुचेना.